यशवंत तलावाची फेरी: गवतात बुडालेली वाट कशी धरावी

ताई, आधी थेट उत्तर देतो, कारणं मागाहून. भाऊबीज उरकून लगेच जाऊ नका. संक्रांतीनंतर, महाशिवरात्रीच्या आत जा. कोयता घरीच राहू द्या आणि तोरणमाळमधला एक जाणता माणूस दिवसभरासाठी सोबत घ्या. रानाची बाजू सकाळी आधी चाला, वस्तीची बाजू परतीसाठी राखा. आणि ठरवलेल्या वेळेला ठरवलेल्या खुणेपर्यंत पोचला नसाल तर तिथूनच मागे फिरा, मग समोरचा काठ कितीही जवळ दिसो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अमळनेरहून तुम्ही कुटुंबासह नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला गेलात, तिथल्या यशवंत तलावाला पायी फेरी मारायची म्हणून सकाळी दहाला निघालात. पलीकडच्या अंगाला गवत डोक्यावर गेलं, एका नाल्यापाशी वाट दिसेनाशी झाली, साडेचारला मागे वळलात आणि शेवटचा टप्पा मोबाइलच्या उजेडात काढलात. बारा वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेले सासरे बरोबर होते. यंदा ती फेरी पुरी करायचीच असं घरात ठरलंय, आणि यजमान म्हणतात कोयता नेऊ या. सातपुड्यात माणसं घेऊन फिरणं हेच माझं काम आहे, त्यामुळे सांगतो: साडेचारला का होईना मागे वळलात ते बरोबर केलंत. ज्यांना त्रास होतो ते बहुतेक पुढे रेटणारेच असतात.

आधी दिवसांचं बोलू, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ असतो आणि पाण्याची कड थेट झुडपांत शिरलेली असते. उन्हाळ्यात गुरं आणि माणसं ज्या मोकळ्या पट्ट्यावरून चालतात, तो पट्टा तेव्हा पाण्याखाली असतो. त्याच्या वरच्या अंगाला चार महिने कोणी न तुडवलेलं गवत. म्हणजे दिवाळीत तुम्ही जी वाट शोधत होतात ती बरीचशी पाण्यात होती. तुमची नजर चुकली असं मुळीच नाही. पुढे गवत पिकतं, उभ्या-उभ्या वाळतं, लोक चाऱ्याला कापून नेतात, गुरं तुडवतात. पाणीही हळूहळू उतरतं. जानेवारीच्या मध्यापर्यंत तोच काठ ओळखू येणार नाही इतका उघडा होतो.

त्याच दिवसांत वनखातं जाळरेषा साफ करतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. त्याआधी रानात ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापून, जाळून टाकतात, म्हणजे आग लागली तरी ती त्या पट्ट्याशी अडते. पायी चालणाऱ्याला अशी जाळरेषा सापडली की वेग दुप्पट होतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसतं. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी पठारावर प्रचंड गर्दी होते, घाटात गाड्यांची रांग लागते, मुक्कामाला जागा मिळत नाही. म्हणून मधले तीन-चार आठवडे सर्वांत चांगले. थंडी मात्र कडक असते. पहाटे बाहेर पडू नका. आठच्या सुमाराला ऊन अंगावर आलं की निघा. आधी निघालात तर दवाने गुडघ्यापर्यंत चिंब व्हाल आणि ओल्या कापडाने दिवसभर मांड्या घासतील.

आता फेरीबद्दल. तलावाची फेरी हा डोंगर चढण्यापेक्षा वेगळा प्रकार आहे. डोंगरावर माथा आला की परत फिरायचं हे सगळ्यांना कळतं. तलावाला माथा नसतो. निम्म्याच्या पुढे गेलात की मन सांगतं, मागे जाण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं. नकाशावर ते खरंही असतं. पण मागची वाट तुम्ही स्वतः तुडवलेली असते, नाले कुठे ओलांडले ते ठाऊक असतं, तिथे निम्म्या वेळात परतता येतं. पुढच्या वाटेबद्दल काहीच ठाऊक नसतं. मोकळ्या पायवाटेवर कुटुंबासह माणूस तासाला तीन किलोमीटर सहज जातो. छातीएवढ्या गवतात एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. म्हणून निम्मं अंतर झालं का यावरून ठरवू नका, वेळेच्या हिशोबाने ठरवा. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, पण रानात झाडांखाली त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच अंधारून येतं. चारच्या आत वस्तीच्या बाजूला पाय लागला पाहिजे असं धरा आणि तिथून उलटं मोजा. निघण्यापूर्वीच वस्तीच्या काठावर उभं राहून पलीकडची एक ठळक खूण ठरवा, एखादं उंच झाड किंवा टेकाडाची सोंड. दुपारी बाराला ती खूण मागे पडली असेल तर पुढे जा. नसेल तर जिथे असाल तिथे भाकरी खा आणि आल्या वाटेने परत या. हा निर्णय सकाळी सगळ्यांसमोर बोलून ठेवा. दुपारी दमल्यावर घरातल्या घरात वाद नकोत.

रानाची बाजू आधी घ्या असं म्हणालो त्याचं कारण उघड आहे. बहुतेक लोक रस्त्याच्या, सोप्या बाजूने सुरुवात करतात, तिथे फोटो काढत वेळ घालवतात आणि उतरत्या उन्हात, दमल्या पायांनी गवतात शिरतात. तुमचंही तेच झालं असणार. उलटं केलंत तर अवघड चाल ताज्या पायांनी होते आणि संध्याकाळी सवडीने रस्त्यावरून येता येतं. सासऱ्यांसाठीही हेच सोयीचं. त्यांना सकाळची बाजू चालायला लावू नका. दुपारनंतर वस्तीच्या बाजूला त्यांनी तुम्हाला सामोरं यावं आणि शेवटचा टप्पा सगळ्यांनी मिळून चालावा. त्यामुळे आणखी एक गोष्ट होते: तुम्ही कुठे आहात आणि किती वाजता यायला हवेत हे ठाऊक असलेलं एक माणूस बाहेर राहतं. पठारावर मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून हे महत्त्वाचं आहे.

आता वाट ओळखण्याबद्दल. हे एक नीट जमलं तर बाकीचं निभतं.

गवतात जी फट दिसते ती प्रत्येक फट म्हणजे वाट नव्हे. खाली पाहू नका, वर पाहा. घोट्याशी मोकळी पण छातीशी फांद्यांनी बंद असेल, तर ती जनावराची. रानडुकरं झुडपांतून बोगद्यासारखी वाट करतात. खाली जमीन घासून गुळगुळीत आणि कमरेच्या वर घाणेरीची जाळी तशीच्या तशी. अशा वाटेने दहा पावलं गेलात की वाकावं लागतं, वीस पावलांवर रांगावं लागतं. गुरांची वाट याहून रुंद असते, शेणाने कळतेच, पण ती फसवते ती वेगळ्या कारणाने. गुरं पाण्यावर येतात आणि परत चरायला जातात. त्यांच्या वाटा काठाला आडव्या, वरून खाली पाण्याकडे उतरणाऱ्या असतात. अशी वाट धरलीत की ती तुम्हाला पाण्यापाशी नेऊन सोडते आणि संपते. मग माणूस पाण्याच्या कडेने पुढे घुसायला बघतो आणि बेशरमाच्या, म्हणजे पाणकाठी माजणाऱ्या झुडपांच्या, दाटीत अडकतो.

माणसाची वाट काठाला समांतर जाते, पाण्यापासून थोडी वर, उताराला फार न चढता न उतरता. तिच्या खुणा खांद्याच्या उंचीवर सापडतात: मोडून मागे वळवलेली फांदी, विळ्याने छाटलेला शेंडा, मोळी घासून साल गेलेलं खोड. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन बाई जिथून जाते तिथे डोक्याच्या वर हातभर जागा मोकळी असते. ती मोकळी जागा झाडांच्या रांगेतून पुढे पाहिलं तर एखाद्या खिडकीसारखी दिसते. मुलाला हे काम द्या. बारा वर्षांच्या मुलाची नजर मोठ्यांपेक्षा तेज असते.

वाट तुटली असं वाटलं की शेवटच्या पक्क्या खुणेपाशी एका माणसाला उभं करा. दुसऱ्याने हाकेच्या अंतरात वर आणि खाली शोधून यावं. सगळ्यांनी मिळून शोधायला निघणं हे हरवण्याचं पहिलं पाऊल. मोबाइलमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या आणि चाललेला मार्ग नोंदवत राहा, म्हणजे परतीला तोच धरता येतो. घरी बसून उपग्रहाचं चित्र पाहायचं असेल तर एप्रिल-मेमधलं शोधा. तेव्हा साग, सालई, धावडा यांची पानं गळालेली असतात आणि झाडोऱ्याखालची पायवाट पांढऱ्या रेघेसारखी उमटते.

तुमची वाट नाल्यापाशी हरवली हे अगदी नेहमीचं आहे. तलावात जिथे नाला येतो तिथे पाणी बोटासारखं आत शिरलेलं असतं. पाणी एका हाताला ठेवून चालत राहायचं हा नियम तिथे मोडतो. समोरचा काठ पन्नास पावलांवर दिसतो आणि मधे चिखल. तो ओलांडायचा प्रयत्न करू नका. नाल्याच्या कडेने वर जा, पाणी ओघळाएवढं होईपर्यंत. साधारण जिथे अर्जुन किंवा जांभळीची मोठी झाडं नाल्यावर वाकलेली असतात आणि तळाला दगड उघडे पडलेले असतात, तिथे लोक ओलांडतात. दगडांवरचं शेवाळ मधोमध घासलेलं दिसलं की समजा हीच जागा. पलीकडे गेल्यावर घाईने पाण्याकडे उतरू नका. वाट बहुतेक वेळा थोडं वरूनच पुढे जाते.

चिखलाची परीक्षा खुरांवरून करा. ओसरलेल्या पाण्याच्या काठाला वरची साय वाळून भेगाळते, खाली मात्र गाळ ओलाच असतो. गुराच्या खुराचा ठसा बोटभर खोल आणि कडा भुरभुरीत झालेल्या असतील तर तुमचं वजन तिथे सहज पेलेल. ठसा वीतभर खोल, तळाशी पाणी चमकतंय आणि कडा चकचकीत असतील, तर तिथून चार हात वर सरका. खूरच नसतील तर गुरांनी ती जागा टाळली आहे, तुम्हीही टाळा. ओसरलेल्या जमिनीत कुठे गाळपेरा केलेला असेल तर पिकातून चालू नका, बांधाने जा.

कोयत्याबद्दल यजमानांना नीट सांगा. तोरणमाळचं रान संवर्धन राखीव आहे. बाहेरच्याने तिथे झाडझाडोरा तोडणं हा गुन्हा ठरतो. शिवाय कामाच्या दृष्टीनेही कोयता नकोच. घाणेरीची काडी तिरकी छाटली की मागे टोकदार खुंट उरतो, तो मागून येणाऱ्याच्या नडगीत घुसतो. दमलेल्या हातात कोयता निसटतो. आणि छाटत-छाटत सरळ जायची सवय लागली की माणूस खरी वाट शोधणंच सोडतो. खांद्याएवढी मजबूत काठी प्रत्येकाच्या हातात असू द्या. गवत बाजूला सारायला, चिखल चाचपायला, उतारावर टेकायला तीच लागते.

गावातल्या माणसाबद्दल मी आग्रहाने सांगतो. तिथे राहणारे पावरा आणि भिल लोक या रानातून रोज फिरतात. कोणत्या बाजूचं गवत कापलं गेलंय, अस्वल अलीकडे कुठे दिसलं, कोणत्या झाडावर आग्या मोहोळ आहे, हे कोणत्याही नकाशात नसतं. आदल्या संध्याकाळी पोचून कोणाला तरी विचारा, मजुरी आधी ठरवा, दिवसाच्या शेतमजुरीपेक्षा बरी द्या आणि त्यांचं जेवण तुमच्याबरोबर न्या. ते दादा ‘आज तिकडे नको’ म्हणाले तर कारण न विचारता ऐका. वनरक्षकांनाही आधी भेटून कुठे जाणार ते सांगा.

कपड्यांचं एकच सांगतो: कुसळं. कुसळी गवताच्या बीला खाली सुईसारखं टोक आणि वर पिळदार लांब शेपूट असतं. एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्याच्या पिळावर पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडायला लागतो आणि बी स्वतःभोवती गरगर फिरतं. जमिनीत रुजायला झाडाने केलेली ती सोय आहे. तेच तुमच्या घामेजल्या मोज्यात घडतं. बी फिरत-फिरत कातडीपर्यंत पोचतं. म्हणून लोकरी मोजे, सुती ट्रॅकपँट अजिबात नको. घट्ट विणीची टेरिकॉटची पँट आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेटर, म्हणजे पायावर बांधायचं आवरण. गेटर नसतील तर जुन्या रेक्झिनची पट्टी नाडीने बांधा, तितकंच काम देते. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण जानेवारीत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. त्या मखमली, तपकिरी दिसतात आणि मुलांना हात लावावासा वाटतो. मुलाला आदल्या दिवशीच दाखवून ठेवा. शेंगेवरचे केस अंगाला लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा.

साप असतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही या मुलखात आहेत. थंडीत ते सकाळी उन्हाला दगडावर, वाटेच्या मोकळ्या जागी येतात, म्हणून दगडावर बसण्याआधी पाहा आणि दिसत नाही तिथे हात घालू नका. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांपैकी काहीही करू नका. अंगठी, कडं, बूट काढा, हात किंवा पाय काठीच्या आधाराने हलणार नाही असा बांधा, माणसाला चालवू नका, उचलून आणा. १०८ ला फोन लावा. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडत बसायची गरज नाही. पोचल्या दिवशीच सरकारी दवाखान्यात जाऊन प्रतिविष आहे का ते विचारून ठेवा. शहाद्यापर्यंत घाट उतरायला दीड-दोन तास जातात.

आग्या मोहोळाची भीती मला सापापेक्षा जास्त वाटते. अत्तर, सुगंधी तेल लावू नका, धूर करू नका, झाडाखाली आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून झाडीतून सरळ लांब पळा. तलावात उडी मारायची चूक लोक करतात. माश्या पाण्यावर घोंघावत राहतात, श्वासाला डोकं वर काढलं की चावतात, आणि वर बुडायचा धोका वेगळाच. एरवीही या तलावात पोहू नका. काठाशी पाणवनस्पती पायात गुंततात आणि तळ अचानक खोल जातो.

अस्वलाचं म्हणाल तर मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा, तेव्हा धोका जास्त. जानेवारीत दाट झाडीत शिरताना बोलत, काठी आपटत चाला म्हणजे ते आधीच बाजूला होतं.

पाणी माणशी तीन लिटर घरून किंवा मुक्कामावरून भरून घ्या. तलावाचं पाणी गुरांचं आहे, उकळल्याशिवाय पिऊ नका. खाण्याला कळण्याच्या भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे आणि आपली केळी पुरे. चूल मांडू नका, बिडी-सिगारेट नको. गवत त्या दिवसांत एका ठिणगीने पेटतं. सालंसुद्धा पिशवीतून परत आणा, नाहीतर माकडांना चटक लागते.

परत आल्यावर एक काम राहतं आणि तेच सगळे विसरतात. अंघोळीच्या वेळी सगळ्यांचं अंग नीट तपासा: काखा, जांघा, गुडघ्यांमागे, कानांमागे, मुलाच्या केसांत. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. काडीने चटका देऊ नका, तेल ओतू नका. कपडे गरम पाण्यात धुवा. गवतात चिगर नावाचे डोळ्याला न दिसण्याइतके बारीक जीव असतात, त्यांच्यापासून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, आणि काही जणांना चावल्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी न दुखणारी काळी खपली दिसते. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. तेव्हा फेरीनंतर तीन आठवड्यांत कोणालाही ताप आला, तर डॉक्टरांना ‘आम्ही रानात, गवतातून चालून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

तारीख नक्की झाली की आधी फक्त इतकं पाहून घ्या: पाणी किती उतरलंय आणि पलीकडचं गवत कापलं गेलंय का. तिथल्या माणसाला एक फोन केलात तरी कळेल. कापलं नसेल तर आठवडाभर पुढे ढकला.